चौथी खिडकी

नकाशावर चार खिडक्या आहेत, म्हणून मी चार धरल्या.
लांबी, रुंदी, छताची उंची,
तासाला किती वेळा पालटत असेल आतली हवा.
सोल्युशनचे डबे महिन्याला बावीस,
ते मात्र पक्कं. गोदामाच्या वहीत
एकाहत्तर सालापासून एकेका डब्यापुढे सही आहे.
डब्यांना हिशोब होता.
हवेला नव्हता.

फेल्गेरासमधला तो बुटांचा कारखाना आता टाइल्सचं दुकान आहे.
म्हणून मी देओलिंडाबाईंच्या स्वयंपाकघरात बसलोय.
समोर कोबीचं सूप, माझा तक्ता,
आणि अबीलिओच्या नावापुढे कोरा रकाना.
तळवे चिकटवायला तो तेवीस वर्षं होता.
या शेजारच्या टेबलावर, शिलाईला.

वास किती यायचा?
"सकाळी यायचा. दहानंतर यायचा नाही."
नाक दहाला हरलं, मी लिहितो.
पुरावा आहे, पण कितीचा?
डब्याला झाकण असायचं? "असायचं. खिळ्याला टांगलेलं."
ब्रश? "साहेब आले की ब्रश. एरवी बोट."
जेवण? "तिथंच. पावालाही तीच चव.
रविवारी घरचा पाव मला अळणी लागायचा."

हे अंदाजपंचे नाही, मी स्वतःला बजावतो,
याला रीत आहे:
कमीत कमी, जास्तीत जास्त,
आणि मधला एक, ज्याखाली माझी सही.

त्या नकाशा स्वतःकडे ओढतात.
चष्मा नाही. बोटानंच भिंत चाचपतात.
"ही खिडकी नव्हती."
आहे की, पालिकेचा शिक्का आहे.
"शिक्का असेल. आतून फळ्या ठोकलेल्या,
त्यांना टेकून कातड्यांची चवड. अबीलिओ तिथंच बसायचा.
उरलेल्या तीन नोव्हेंबर ते मार्च बंद.
थंडीत सोल्युशन आळतं."

मी खोडतो. चाराच्या तीन, हिवाळ्यात एकही नाही.
सूप निवायच्या आत
मधला आकडा दुप्पट होतो.

"किती आला?"
एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, मी सांगतो.
मधून ट्रक जाईल एवढी फट.
त्या हसतात. "तोही असाच. सात ते नऊच्या मध्ये येतो म्हणायचा.
मी आपलं सातलाच वाढून ठेवायचे."

शेऱ्यात लिहितो: चौथी खिडकी नव्हती.
माहितीचा स्रोत: शेजारचं टेबल.

लिहिलेलं वाचतो.
मग खाली आणखी एक ओळ आखतो
आणि विचारतो,
तुम्ही स्वतः किती वर्षं होता तिथं?