अचेर्बो

चाळीस वर्षं मी लॅटिन शिकवलं
स्पोलेतोजवळच्या एका शाळेत,
भूकंपानंतर तिचं छप्पर गळायचं.
फळ्यावर आधी धातू लिहायचो : अक्.
म्हणजे टोक.
त्यातून सुई निघते, धार निघते, व्हिनेगर निघतं,
आणि जिभेला टोचणारा हा शब्द : आकेर्बुस.
अर्थ : आंबटढाण. कठोर. तोंडाचा फटकळ.
शेवटचा अर्थ मुख्याध्यापकांना लागू पडतो,
असं फुल्जेन्त्सियो म्हणाला होता एकदा
आणि तास संपेपर्यंत उभा राहिला होता.

आता जुलैत शेजारीण एर्सिलिया
विरळणीला बोलावते.
वेलीला सहा घड ठेवायचे, बाकीचे
हिरवेच उतरवायचे.
उतरवलेले ती चेचते, गाळते,
रस बाटल्यांत भरून ठेवते, सशाच्या रश्श्यासाठी.
मी एक मणी चावून पाहिला.
एक डोळा मिटला. दात आंबले संध्याकाळपर्यंत.
"अचेर्बो," ती म्हणाली, आणि हसली
मी वर्गात कधी हसलो नाही तशी.

वाटेवरच्या चॅपेलचा चुना पडलाय,
आत एक जुना दगड दिसू लागलाय, उलटा बसवलेला.
वाचा, म्हणाली.
मी मान वाकडी करून वाचलं :
आईबापांनी केला. मुलगा.
सात वर्षं, दोन महिने, नऊ दिवस.
पुढे मरणाला लावलेलं विशेषण,
तेच.
"कठोर मृत्यू," मी म्हणालो.

तिनं ॲप्रनला हात पुसले.
हिरवे डाग तसेच राहिले.
"छे हो, प्रोफेसोरे.
कच्चा."

तिच्या नेव्हियोची मोटरसायकल कोठारात आहे,
ताडपत्रीखाली.
दर ईस्टरला ती चाकांत हवा भरते.
मी काही बोललो नाही. तीही.
सरडा दगडावरून गेला,
नऊ दिवसांवरून, दोन महिन्यांवरून.

घरी येऊन शब्दकोश उघडला.
पहिलाच अर्थ : न पिकलेलं.
मग चव.
मग माणसाचा स्वभाव.
पेन्सिलीनं माझीच खूण होती तिथे,
दुसऱ्या अर्थापुढे.
चाळीस वर्षं मी दुसऱ्यापासून सुरुवात करत होतो
आणि मुलांना, पोरवयातल्या त्या मुलांना,
पाठ करायला लावत होतो.

कुंपणाकडची एक वेल एर्सिलिया विरळत नाही.
तिला लागतील तेवढे घड ती ठेवते.
सप्टेंबरातही ते लहानच असतात,
दात आंबवणारे.
तिथे ती कात्री खिशात घालते
आणि पुढच्या वेलीकडे जाते.