लांब एस

नोव्हेंबरातला तिसरा तास. हीटर धापा टाकतोय.
अकरावीची सव्वीस डोकी,
त्यातली चार बाकावर टेकलेली, एक हुडीत बुडालेलं.
मी कागद वाटतो:
कैलासवासी डीकन अझरायाह थ्रॉल, नॉर्थ हॅल्सी, कनेक्टिकट,
यांच्या जिनगीची यादी, सन सतराशे चोपन्न.
काउंटीच्या दफ्तरखान्यातून आणलेली,
पानाला पन्नास सेंट, माझ्याच खिशातले.

थ्रॉल म्हणजे, मिस्टर के, आपला थ्रॉल स्ट्रीट?
हो. डोनटचं दुकान आहे तोच.

अक्षर बघून कुरकुर सुरू होते.
सांगतो, घाबरू नका.
आमच्याकडे मोडी नावाची लिपी होती,
हात न उचलता धावायची,
आज ती वाचणारा शोधावा लागतो.
इथे खोड एकच:
या लोकांचा एस कधी कधी लांब असतो,
मान वाकवलेला, थेट एफसारखा.

मग एकेक ओळ, बाकामागून बाक.
पिसांची गादी एक, चार पौंड.
कथलाची ताटं सहा, एकाला पोचा.
नांगराचा फाळ. जुनं बायबल.
तांबडी गाय, नाव चेरी, तीन पौंड दहा शिलिंग.
"गाईला नाव आहे!" मेव्ह हसते.
काळी बाई एक, नाव फिबी, तीस पौंड.
इथे कुणी हसत नाही. हे त्यांना पुस्तकातून ठाऊक आहे,
पण पुस्तकात ते दक्षिणेत घडतं,
कापसात, नकाशावर खाली, वेगळ्या रंगात.

पुढची ओळ ट्रेव्हरच्या वाट्याला.
तो अडखळतो, मग खुशीत, मोठ्यानं वाचतो:
तिचं एक (आणि पुढे ती शिवी,
जिच्यासाठी मला ऑफिसात चिठ्ठी पाठवावी लागते)
पोर. पाच पौंड.

वर्ग फुटतो. हुडीसुद्धा जागी होते.
ट्रेव्हर म्हणतो, लिहिलंय तेच वाचलं.

मी तोंड उघडतो, एवढ्यात
खिडकीजवळून डेझिरे गॅस्किन्स, हात वर न करता:
"तो एफ नाहीये."

हशा लगेच थांबत नाही.
उतारावरच्या सायकलीसारखा आणखी थोडा जातो.
मग एकेक मान कागदावर वाकते,
त्या एससारखीच.
ओठ हलतात. अक्षर बदलतं.
अंगावर पिणारं.
तिचं एक अंगावर पिणारं पोर.

ट्रेव्हर कानांपर्यंत लाल.
"नाव?"
दिलेलं नाही.
"पण गाईचं..."
हो.

माझ्या टाचणात यापुढे आहे:
वसाहतींची अर्थव्यवस्था, तीन कारणं, पंधरा मिनिटं.
मे महिन्यात त्यावर आठ गुण.
मी फळ्यावर पहिलं कारण लिहायला घेतो
आणि मार्कर सुकलेला निघतो.

यादी कुणी केली, डेझिरे विचारते.
शेजारच्या तिघांनी. भली माणसं, शपथेवर.
"म्हणजे ते तिघं स्वयंपाकघरात आले,
तिच्याकडे बघितलं,
आणि ती तेव्हा पाजत होती."

हे मला कधी सुचलं नव्हतं.
अकरा वर्षं हा कागद शिकवतोय,
अकरा वर्षं तो शब्द मी आधीच सांगून टाकत आलो,
शिवी टळावी म्हणून.
यंदा विसरलो.

घंटा. दप्तरांच्या चेना.
कागद परत द्या, म्हणतो. पंचवीस येतात.
ट्रेव्हरचा सगळ्यात वर:
गाईच्या नावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ,
मग खोडलेलं, नीट न खोडलेलं.
सव्विसावा मी मागत नाही.

चौथ्या तासाला एक प्रत कमी पडेल.
दोघांत एक घ्या, म्हणेन.
पण तो शब्द त्यांना आधी सांगायचा का,
दारात मुलं जमायला लागली तरी
ठरत नाही.