लाभ

आधीची तीन गेली, म्हणून
चौथ्याला पणजीनं सुपात घातलं,
शेजारच्या गुजरणीला पायलीभर ज्वारीवर विकलं
आणि तेवढ्याच ज्वारीला परत घेतलं.
नाव ठेवलं सुपडू.
त्या उसन्या श्वासावर
आबांनी त्र्याण्णव वर्षं काढली.

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मापाडी.
डोळे बारमाही लाल.
धाकटा भाऊ ऐन तिशीत गेला
तेव्हा आबा रडले की नाही
हे आम्हाला अजून ठाऊक नाही.
तेराव्यानंतर त्याची तीन पोरं, बायको
या घरात आली, आणि आमच्या ताटातली
एकेक भाकर अर्धी झाली, इतकंच.

साबणाची वडी दोऱ्यानं कापायचे.
आम्ही हसतो आठवून.
आईला अजून हसू येत नाही.

कानबाईच्या रोटांना
पुरुषामागे सव्वा मूठ गहू.
आबा लेकींचीही मूठ धरायचे, सुनांचीही.
मग रोट संपता संपत नसत,
बाहेरच्याला तर द्यायचे नसतात.
शेवटपर्यंत तेच बसायचे एकटे,
दुधात कुस्करून.

रात्री दार लावायच्या आधी
ओट्यावर वाकून चपला मोजायचे,
बाजारातल्याच सुरात:
लाभ… दोन… तीन…
मापाडी एक म्हणत नाही.
आणि लाभ रोज पडायचा तो
काकूआजीच्या झिजल्या वहाणांवर.
जेठ म्हणून उभ्या जन्मात
तिच्याशी समोरून बोलले नाहीत;
काही सांगायचं तर आम्हा पोरांना सांगत,
नाहीतर भिंतीला.

एक जोड कमी असला
की कडी लागायची नाही.
कितीही उशीर होवो, अंधारातून यायचं,
"उनी का वं?"
मगच खाट कुरकुरायची.

त्या रात्री मी सुरतेहून पोचले
तेव्हा अडीच वाजले होते.
ओट्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती,
गावभरच्या चपला.
मी माझ्या काढल्या, थोडी थांबले.
कुणी काही विचारलं नाही.

आत काकूआजी भिंतीला टेकून
आबांकडे बघत होती,
डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.
मला पाहून उठली,
गुडघे धरत बाहेर आली,
त्या ढिगात चाचपत राहिली बराच वेळ.
कोपऱ्यातली आबांची वहाण सापडली,
तिच्यावर बोट ठेवलं.
म्हणाली, "लाभ."

पुढचं काही
तिला मोजता आलं नाही.