किरकोळ

मंडळाकडे वर्षाला एक लाख आठ हजार जमतात.
नव्वद घरं, महिना शंभर.
कुणाचे दुधाच्या बिलातून कापून,
कुणाचा पुण्याचा मुलगा मोबाईलवरून पाठवतो,
मालुताई चौगुल्यांचे दहा-दहाच्या नोटांत, वर रबर.
खजिनदार मी. पोस्टातून निवृत्त झाले,
म्हणून शिक्क्याचा भरवसा माझ्यावर.

सात अर्जांतला शेवटचा वहीच्या पानावर होता.
दस्तगीर मुजावर, समडोळी.
'यात्रेच्या नाटकाचा जंगलाचा पडदा.
महापुरात शाळेच्या खोलीत भिजला.
झाडून, शिवून, नव्या बांबूवर घ्यायचा आहे.
नऊ हजार.'
खाली 'लाभार्थी संख्या' या रकान्यात
पेन्सिलीनं: माहीत नाही.

एकतीस यात्रा या माणसानं दोरी ओढली.
त्याचा चेहरा कुणी बघितला नाही,
पण पडदा उशिरा पडला की शिव्या मात्र नावानिशी.

भूपाल मगदूम म्हणाले,
नाटक बंद पडून सात वर्षं झाली,
आता त्या जंगलात कोण शिरणाराय?
आधी गटार बघा.
मी म्हटलं, गटाराला ग्रामपंचायत आहे.
जंगलाला आपणच.
पाच विरुद्ध चार. मंजूर.

एप्रिलात शाळेच्या पटांगणात पडदा उलगडला.
रंग सरसाचा, पाणी लावून चालत नाही.
म्हणून दाढीचे ब्रश, दोन डझन,
आणि पोरं गुडघ्यावर बसून
एकेका पानावरचा गाळ उडवत होती,
जणू झाडालाच साबण लावतायत.

वरची झाडं तशीच हिरवी.
एक माकड, पेंटरनं हौसेनं काढलेलं.
खालचे दोन हात मात्र
खोडं विरघळून तपकिरी ओघळ.
सांगलीहून आलेला पेंटर म्हणाला,
खालचं नवं काढून देतो, चार हजारांत.
दस्तगीरचाचा बराच वेळ बघत राहिले.
'असू द्या. पाणी कुठवर आलंतं
ते कुठंतरी राहू द्या की.'

मग पडदा उलटा केला.
मागं कोळशानं लिहिलेलं, मोठ्या अक्षरात:
शंकऱ्या, तलवार विसरू नको.

शंकऱ्या आता इचलकरंजीत,
सत्तरी पार, मागावरून कान गेलेले.
कुणीतरी फोटो पाठवला.
संध्याकाळी त्याचा आवाज आला फोनवर,
ओरडून, बहिरी माणसं बोलतात तसा:
'तरी विसरलो होतो!
काठीनं मारला राक्षस!'
चाचांनी ते पाच वेळा ऐकलं.
सहाव्यांदा ऐकताना
त्यांचे दोन्ही हात उगाचच वर गेले,
दोरी होती तिथं.

महिन्यानं पाकीट आलं.
ब्रश, सुती दोरा, दाभण, मांजरपाटाचे तुकडे,
बांबू दोन, टेम्पोभाडं. सगळ्यांच्या पावत्या.
उरलेले तीनशे चाळीस, सुट्ट्यासकट परत.
आणि एक चिठ्ठी हॉटेलची:
चहा, सव्वीस कप, दोनशे साठ.
मागं पेन्सिलीनं:
'बोलावलं कुणालाच नव्हतं. बघत उभे राहिले.
मग द्यावा लागला.
चालत नसेल तर मी भरतो.'

चहाला आमच्याकडे रकाना नाही.
अर्जावरची ती रिकामी जागा काढून बघितली,
वाटलं, सव्वीस लिहून टाकावं.
पण शंकऱ्या चहाला नव्हता.
मालुताईंचा त्या दिवशी उपास होता,
आणि दोन तास त्याच सगळ्यांच्या पुढं उभ्या.
ब्रश घेतलेल्या पोरांना चाचांनी चहा नाही,
गोळ्या दिल्या, त्यांची पावतीच नाही.

किरकोळ खर्चात घातला. शिक्का मारला.
वार्षिक सभेत भूपाल उठून विचारतील,
किरकोळ म्हणजे नक्की काय?
विचारू देत.
सव्वीसातला एक कप त्यांचाच आहे,
बिनसाखरेचा,
चिठ्ठीवर तसं वेगळं लिहिलंय.