पाण्याची चमक

दिदुबे स्टेशनच्या मागे, टायरवाल्यांच्या ओळीत
बेसारिओनचं दुकान. काउंटरला मी.
तिबिलिसीतली पोरं येतात ती आधी दिव्यांचं विचारतात:
पंख्यात जांभळा आहे का,
काचेच्या पेटीतून रात्री खोलीभर उजेड पडेल का.
सगळं आजच्या आज हवं, पी हळद नि हो गोरी.
मी बिल करतो.

मंगळवारी एक बाई आल्या, साठी ओलांडलेल्या,
हातात वहीचं पान, घड्या पडून मऊ झालेलं.
अक्षर शाळेतल्या बाईंचं.
प्रोसेसर, बोर्ड, बत्तीसची मेमरी, डिस्क,
प्रत्येकापुढे तीन दुकानांच्या किमती.
ग्राफिक्स कार्डापुढे नुसती रेघ.

"नातवाला?"
"नाही."
"गेम कुठला?"
"विमानाचा. सगळी पृथ्वी असते म्हणे त्यात."
"असते. पण कार्ड खाते."

दोन खोकी काढली.
नवं कार्ड, आठ जीबी, हप्त्यांवर.
जुनं, सोळा जीबी, निम्म्या भावात,
पण ते डोंगरातल्या एका गोठ्यात
दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणत होतं,
पंख्याच्या पात्यांना अजून भुसा चिकटलेला.
मी लपवलं नाही. बेसारिओन मागून खाकरला.
बाईंनी कार्ड नाकाशी नेलं.
"गाई होत्या," म्हणाल्या. "हे द्या."

मग वीज.
यादीतला पॉवर सप्लाय साडेचारशेचा
आणि हा राक्षस एकटाच तीनशे गिळणार.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण पाय आधी ठरले असले तर?
त्यांनी माझं पेन मागून घेतलं.
डिस्क अर्धी केली. काचेची पेटी खोडली,
पत्र्याची लिहिली. सप्लाय साडेसातशेचा.

"सेकंदाला साठ चित्रं तरी पडायला हवीत," मी म्हटलं.
"इतकी कशाला? मी हळू जाणार आहे."

कुठे, ते विचारलं नाही.
बिलावर नाव घातलं, त्सियाला जोजुआ,
आणि पत्ता सांगितला तो जुन्या सॅनेटोरियमचा,
त्र्याण्णव साली सुखुमीहून पळून आलेल्यांना
जिथे एकेक खोली मिळाली होती,
तात्पुरती.
आईने एकदा तिथून जाताना बसमधून बोट दाखवलं होतं:
गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, तिसऱ्या पिढीचे.
सुखुमीच्या वाटेवर पूल आहे.
पलीकडे जाऊ देत नाहीत.

आठवड्याने फोन.
"चालतं. अडखळतं मात्र."
"कुठे?"
"डोंगरांवर नाही. समुद्राकडून आत वळताना.
बंदर दिसायला लागलं की."

मी सांगितलं, सेटिंगमध्ये जा, खाली या,
पाण्यातलं प्रतिबिंब, ते सर्वांत कमी करा.
कार्डावरचा भार उतरेल.
माउसची टिक. टिक.
मग बराच वेळ नुसता पंखा,
मीच पुसून दिलेला, आवाज ओळखीचा.

"आमचं छप्पर भलतंच आहे," त्या म्हणाल्या.
"आणि अंजीर होतं तिथे देवदार लावलेत कुणी."
"झाडं कॉम्प्युटर अंदाजाने लावतो."
"हं. अंदाज."

पुन्हा पंखा.

"हे पाणी कमी केलं, तर समुद्र राहील ना?"
"राहील. फक्त चमकणार नाही."

पलीकडे टिक वाजली नाही.
"मग अडखळू दे," म्हणाल्या,
आणि पॉवर सप्लायची वॉरंटी
किती वर्षांची, ते विचारलं.