केस क्रमांक एकशे चौदा

शहाऐंशी साली तो हुकूम मीच टाइप केला.
ओरहेईच्या कोर्टात नवी होते. तीन कार्बन, चार प्रती;
चौथ्या प्रतीवर अक्षरं उमटायची राखेची.
येवदोकिया स्पातारू, वय बावीस, फेफरं येतं.
भाऊ म्हणतो, तिला व्यवहार कळत नाही.
(द्राक्षमळ्याची वाटणी व्हायची होती, हे मला
नंतर कळलं. नंतर म्हणजे त्याच दुपारी.)
निकाल : अपात्र.
मी ‘अपात्र’ टाइप केलं आणि घड्याळ बघितलं,
जेवणाची सुट्टी.

खिडकीखालून रेउत वाहायची,
उन्हाळ्यात तर नुसती बेडकांची, शेवाळाची.
तिलासुद्धा पात्र होतं.

येवदोकिया पुढे कुठे गेली, ते कागदाला माहीत होतं.
मी कागदाला विचारलं नाही.
शहराबाहेरची पिवळी इमारत, चाळीस खाटांचं दालन,
तिथली संचालकच तिची पालक.
पेन्शनवर सही संचालकबाईंची,
औषधांवर त्यांची,
दाढ उपटली तेव्हा दाढेवरही त्यांचीच.
देश बदलला, झेंडा बदलला,
आमची लिपीसुद्धा बदलली एका रात्रीत.
हुकूम तोच.

मग म्हणे न्यूयॉर्कला लोक जमले.
आंधळे, बहिरे, चाकांच्या खुर्चीतले,
आणि माझ्या टाइपरायटरने ज्यांना वेडं ठरवलं, तसलेही.
एकेका शब्दासाठी रात्री जागवल्या म्हणे.
मी हसले होते. उंटावरून शेळ्या हाकतायत, म्हटलं;
काचेच्या त्या इमारतीतून आमचा पूल तरी दिसतो का?

त्यांचं बारावं कलम आमच्याकडे पोचलं
पुष्कळ वर्षांनी, एका पोरीच्या पाठपिशवीतून.
लिविया, वकील, एका कानात यंत्र.
झेरॉक्सच्या कडेला चहाचा गोल डाग.
तिने ते वाचलं, सावकाश, जणू कुणाचं पत्र :
कायद्यापुढे प्रत्येक माणूस माणूस आहे,
मदत लागली तर मदत द्या,
त्याच्या जागी दुसरा उभा करू नका.

न्यायाधीशांनी येवदोकियाला विचारलं,
हुकूम रद्द झाला तर काय करणार?
मला वाटलं, पढवून आणलं असेल,
मतदान, स्वातंत्र्य, असलं काहीतरी.
ती म्हणाली, “शनिवारी केस कापायला येतात.
मशीनने. सगळ्यांचे एका रांगेत.
मी नाही म्हणणार.”
“आणि?”
“आधी तेवढंच. बाकीचे नकार आठवतील हळूहळू.”

पेन पुढे केलं. तिने आधी बोटाने
मेजावर लिहून पाहिलं एकदा,
जेवणाच्या मेणकापडावर इतकी वर्षं लिहीत आली असावी तसं.
मग कागदावर. जुनी अक्षरं, रशियन वळणाची,
‘क’वर जरा जास्त दाब.
कारकून म्हणाला, हे चालायचं नाही, ही लिपी आता नाही.
लिवियाने कानातलं यंत्र चाचपलं,
न्यायाधीश चष्मा पुसत राहिले.
आणि मी, जिने त्या दालनात
खोकण्यापलीकडे कधी आवाज केला नाही,
म्हणाले, “चालेल.
तिला शाळेत हीच शिकवली.
तिचा हुकूमही ह्याच अक्षरांत आहे. मला माहीत आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं.
ओळख कशी असणार?
हुकुमाखाली टाइप करणारीचं नाव नसतं.
तिच्या डोक्यावर करड्या खुंटांचं शेत,
कानामागे जुनी एक चीर, मशीनची.

नवा हुकूम मी संध्याकाळपर्यंत टाइप केला.
आता कार्बन लागत नाही, चूक झाली तरी मागमूस राहत नाही.
तरी ‘पात्र’ हा शब्द दोनदा तपासला,
मागे ‘अ’ चिकटून तर आला नाही ना.

निघताना पुलावर थांबले.
बोटांवर वार मोजला.
गुरुवार.
म्हणजे मध्ये एकच दिवस.