गुण्या

पलूसच्या आयटीआयला, फिटरच्या वर्गात
विद्यार्थी मंडळाची निवडणूक झाली
आणि मी दोन मतांनी पडलो.

निलोफर मुलाणी सचिव.
पहिल्या सभेत तिनं विषय घेतला एकच:
चालू शेगडे अकरा, पोरं बत्तीस.
मी मागून हसलो.
तिनं इतिवृत्तात माझं नाव लिहिलं,
दुरुस्ती समितीचा प्रमुख म्हणून.

तीन शनिवार गेले त्यात. गंजलेले स्क्रू,
रॉकेलचा वास, नखांत काळं.
आता सतरा चालतात.

परवा कारखान्यातनं भरतीला साहेब आले.
"माणसं सांभाळलीत कधी?"
म्हणालो, "नाही.
मला सांभाळलंय, एकीनं."

साहेबांनी काहीतरी लिहिलं, दिसलं नाही.
रात्रभर ते वाक्य
गुण्याला लावून बघत होतो,
कुठनं उजेड येतोय का.